बाळ जेवत नाही म्हणता? आधी काटा बघा



या पानावर आपण बोटुकलीचे दर, जाळ्याचं अनुदान, लिलावाची वेळ असल्या गोष्टी टाकत असतो. आज विषय घरातला आहे. सोसायटीत हप्ता भरायला येणाऱ्या भगिनींकडून हल्ली एकच गाऱ्हाणं ऐकायला मिळतं. "भाऊ, पोर काहीच खात नाही हो." एकीनं तर पिशवीतून भूक वाढवायची औषधाची बाटली काढून दाखवली. बाळ अकरा महिन्यांचं. बाटली कुणी लिहून दिली विचारलं तर म्हणाली, कुणी नाही, शेजारणीच्या पोराला लागू पडली म्हणून आणली.

मी डॉक्टर नाही. पण आरोग्य खात्याच्या पुस्तिका, आशाताईंचं प्रशिक्षण आणि मोठ्या डॉक्टरांची कामं यांतून बरंच कळण्यासारखं आहे, आणि ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगता येतं. म्हणून लिहितोय. लांबलंय जरा, पण घरात लहान मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा. आजीलाही वाचून दाखवा, कारण बाळाची वाटी बहुतेक घरांत आजीच्याच हातात असते.

मासा आपण नजरेनं बघून भाव सांगत नाही, काट्यावर टाकतो. मग बाळाच्या बाबतीत "खातच नाही, वाळून गेलंय" हे न तोलता कसं ठरवतो? बाळानं किती खाल्लं हे वाटीत बघून कळत नाही, ते काट्यावर कळतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. आपल्याकडं गरोदरपणात मिळतं ते तायी कार्ड (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आपली ताई नव्हे) आणि बाळाच्या वाढीचा तक्ता, हे दोन्ही सांभाळून ठेवायचे कागद आहेत. रेशनकार्डासारखे. त्या तक्त्यावर दर महिन्याचा ठिपका वर सरकतोय आणि पोर खेळतंय, लघवी नीट करतंय, तर ते कमी खाणारं असलं तरी त्याच्या अंगाला पुरेल एवढं खातंय. ठिपका दोन महिने जागचा हलला नाही किंवा खाली आला, तर मात्र पोर कितीही "चांगलं खातं" म्हणालात तरी डॉक्टरकडं जायचं.

आता एक हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली बाळांच्या वाढीचे तक्ते काढले. सहा देशांतल्या निरोगी मुलांवरून ते केले, त्यात आपला भारतही होता. त्यात मध्यावर असलेला मुलगा जन्मताना ३.३ किलो असतो, सहा महिन्यांचा झाला की ७.९, वर्षाचा झाला की ९.६ आणि दोन वर्षांचा झाला की १२.२ किलो. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत साडेचार किलोच्या वर वाढ, पुढच्या सहा महिन्यांत जेमतेम पावणेदोन किलो, आणि मग सगळ्या दुसऱ्या वर्षात मिळून अडीच किलोच्या आसपास. मुली जरा कमी, पण चाल तीच. वाढच मंदावते तेव्हा भूकही मंदावणार. नेमकं त्याच वयात पोर रांगायला, उभं राहायला लागतं, त्याचं लक्ष ताटात राहत नाही, आणि नेमकं तेव्हाच आई म्हणते, आधी चांगलं खायचं, आता काय झालं कळत नाही. दृष्ट काढली जाते. काढा, त्यानं काही बिघडत नाही, पण वजन करून या.

तळ्यात बोटुकली सोडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. थंडीत कटला, रोहू खाद्याला वर येत नाहीत. म्हणून आपण पोतं ओतत नाही, कारण उरलेलं खाद्य पाणी कुजवतं. मासा किती उचलतोय बघून हात आवरतो. बाळाचंही सर्दी-तापात, दात येताना, लस टोचल्यावर दोन-चार दिवस खाणं उतरतं. मग बरं वाटलं की ते जास्तही मागतं. तेव्हा आठवडा-दोन आठवडे एक वेळ जास्तीची द्यायची.

इथं एक गोष्ट ठळक सांगायची आहे, कारण ती जिवाशी गाठ आहे. अकराव्या महिन्यातलं "खात नाही" वेगळं आणि पहिल्या महिन्यातलं "पीत नाही" वेगळं.

महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ बघायला शिकवलं. दवाखाना लांब, रस्ता नाही, अशा जागी त्या घरोघर जाऊन बाळ तोलायच्या, तपासायच्या. जंतुसंसर्ग ओळखायला त्यांना साधी लक्षणं शिकवली होती: बाळाचं दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं, रडणं क्षीण झालं, हातपाय सैल पडले, अंग गार लागतंय, पोट फुगलंय किंवा उलट्या होतायत, छाती आत ओढली जातेय. यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही, डोळे आणि हात एवढंच. १९९३ ते ९५ च्या सुमारास त्या गावांत जन्मणाऱ्या दर १००० बाळांपैकी ६२ पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५ वर आला. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आलं, आणि पुढं २०११ पासून देशभरच्या आशाताईंना नवजात बाळासाठी घरभेटीचं काम मिळालं. दवाखान्यात बाळंत झालेल्या घरी ६ भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आशाताई आली की "सगळं बरं आहे" म्हणून दारातूनच परत पाठवू नका. बाळ दाखवा, तोलू द्या.

थोडक्यात, दोन महिन्यांच्या आतलं बाळ नीट पीत होतं आणि आता पीत नाही, मलूल पडलंय, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री जाळं टाकायला जायचं असेल तर ते राहू दे. रिक्षा करून दवाखाना गाठायचा.

मोठ्या बाळाच्या बाबतीतही काही खुणा अशाच आहेत. दूध पिताना दम लागतो, मध्येच थांबतं, कपाळाला घाम येतो, ओठ निळसर दिसतात, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीत विचारा. जे खाल्लं ते सगळं उलटतंय, झटका आला, दिवसात लघवी अगदी कमी झाली, दोन्ही पायांना सूज आली, तर तेव्हाही थांबायचं नाही. अंगणवाडीत दंडाला रंगीत पट्टी लावून बघतात. सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला म्हणजे तीव्र कुपोषण. असं पोर घरच्या पेजेवर सुधारायची वाट बघत बसू नये. सरकारी दवाखान्यांत पोषण पुनर्वसन केंद्रं असतात, आईला बाळाजवळ ठेवून घेतात. तिथं जायला लाज कसली? होडीला भोक पडलं तर आपण ती किनाऱ्याला ओढतोच की.

हे सगळं नाही, ठिपका चढतोय, पोर हसतंय, फक्त वाटी संपत नाही, अशा घरांसाठी पुढचं.

पहिली गोष्ट जबरदस्तीची. आपल्या भागात अजून बऱ्याच घरांत बोंडल्यानं घालतात. बाळाला पायावर आडवं घ्यायचं, हात मांडीत दाबायचे, रडायला तोंड उघडलं की ओतायचं. कानडी शेजारणींकडंही हीच रीत, भांड्याचं नाव तेवढं वेगळं. आज्यांना हे प्रेमानंच करायचं असतं, त्यात शंका नाही. पण रडणारं मूल श्वास आत ओढतं आणि पातळ पेज श्वासनळीत जाते. त्यातून न्यूमोनिया होतो, कधी जागच्या जागी गुदमरतं. आणि जीव वाचला तरी पोराच्या डोक्यात एवढंच बसतं की जेवण म्हणजे दाबून धरणं. वाटी दिसली की तोंड फिरवणारी कितीतरी बाळं अशी घरात तयार होतात. मोबाइल दाखवून तोंडात घास कोंबणं हा त्याचाच शहरी भाऊ. पोराला आपण काय गिळतोय, पोट भरलं की नाही, काहीच कळत नाही.

अमेरिकेत १९२६ साली क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर बाईंनी एक प्रयोग सुरू केला. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली, वरचं अन्न कधी न चाखलेली बाळं घेतली. पुढं त्यांची संख्या १५ झाली. ३४ प्रकारचे साधे पदार्थ ठरवले: धान्य, भाज्या, फळं, दूध, अंडी, मांस, मासा. प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत. नर्सनं चमचा हातात धरून गप्प बसायचं. बाळानं बोट दाखवलं, हात पुढं केला तरच भरवायचं. "खा रे" म्हणायचं नाही, काही टाकलं तर रागवायचं नाही. बाळं कशीही खायची. एक दिवस नुसती केळी, दुसऱ्या दिवशी अंडीच अंडी. पण महिन्यांचा हिशेब लावला तर सगळी धट्टीकट्टी वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यापुढं माशाच्या तेलाची, म्हणजे कॉडलिव्हर ऑइलची वाटीही ठेवली होती. बरं होईपर्यंत ते मधूनमधून आपणहून ते तेल प्यायचं, आणि हाडं भरून आल्यावर त्यानं ते सोडलं. आपल्या जातीचं पोर म्हणायचं!

पण घाई करून "चला, पोराला हवं ते खाऊ द्या" असा अर्थ काढू नका. त्या ३४ वाट्यांत साखर नव्हती, बिस्किट नव्हतं, चहा नव्हता. डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय की खरी गंमत पदार्थांच्या यादीत होती. काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते बाळ ठरवेल.

आणि आपल्या घरांत घोळ नेमका यादीत आहे. पहाटे बाई बाजारात पाट्या घेऊन बसते, बाप तळ्यावर. पोर मोठ्या बहिणीकडं किंवा आजीकडं. रडलं की पाच रुपयांचा बिस्किट पुडा, तोही चहात बुडवून. दहा वाजता अजून एक. बारा वाजता आई येते, वरण-भात कालवते, आणि पोर तोंड मिटून घेतं. मग "खात नाही". अहो, त्याचं पोट आहे केवढं? किलोमागं साधारण ३० मिली. आठ किलोचं बाळ म्हणजे एक मोठी वाटी, पाव लिटरसुद्धा नाही. ती जागा साखर-मैद्यानं आधीच भरलेली असते. वर चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. वर्षावरच्या पोराला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त वरचं दूध पाजलं तरी हेच होतं. भूक मरते आणि रक्त कमी होतं.

रक्त कमी होणं ही लहानसहान गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६५.५ टक्के मुलांत रक्त कमी निघालं, महाराष्ट्रात ६८.९ टक्के. आणि रक्त कमी झालं की भूक आणखी कमी होते. चक्रच आहे ते. म्हणून सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, वर्षाच्या पुढं जंताचं औषध आहे. मेडिकलमधली भूक वाढवायची बाटली फुकट नाही, शिवाय तिच्यात बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं. त्यानं गुंगी येते, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ते द्यायचंच नसतं. बाटलीवरचं नाव वाचा, नाही जमलं तर ऑफिसात आणा, आपण वाचू.

दुसरी चूक पातळ घालण्याची. डाळीचं पाणी, भाताचं पाणी, पाण्यासारखी अंबील. एवढ्याशा पोटात ते गेलं की पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. चमचा आडवा केला तर सहज ओघळू नये इतकं घट्ट हवं. डाळीचं पाणी तुम्ही प्या, डाळ बाळाला द्या. नाचणीची खीर, ज्वारीची भाकरी डाळीत कुस्करून, मऊ भात, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी जातात आणि जागा काहीच लागत नाही. अंगावरच्या दुधाबरोबर सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. वाटी २५० मिलीची धरायची, पाहुण्यांपुढं श्रीखंड ठेवायची ती नव्हे. वर्षाच्या आत मध नको, मीठ-साखर नको. आणि अंगावरचं दूध दोन वर्षं चालू ठेवायचं.

पहाटे बाजारात जाणाऱ्या आयांसाठी एक सांगायचं राहिलं. दूध काढून उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवलं तर घरात सावलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये एक दिवस. ते तापवायचं नाही, भांडं कोमट पाण्यात धरायचं, आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. बाटली नको.

आता दुसऱ्या काट्याकडं येऊ, म्हणजे माशाच्या.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. ज्या घरातून रोज पाटीभर मासा बाजारात जातो, त्या घरातलं पोर बिस्किटावर वाढतं. "काटा लागेल", "मासा उष्ण पडतो", "दात आल्यावर बघू". सहा महिने पुरे झाल्यावर मासा द्यायला हरकत नाही. लांबणीवर टाकून ॲलर्जी टळते असंही दिसलेलं नाही. रोहूच्या १०० ग्रॅम मांसात सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि कमी खाणाऱ्या पोराला असंच अन्न लागतं, थोडक्यात पुष्कळ देणारं. माशात लोह फार नसलं तरी त्याच्या सोबतीनं डाळ-नाचणीतलं लोह चांगलं अंगी लागतं.

काट्याचं म्हणाल तर तुमच्याएवढं कुणाला कळतं? रोहू, कटला, मृगळ यांच्या शेपटीकडच्या तुकड्यात बारीक दुबेळके काटे असतात, तो बाळासाठी नकोच. पोटाकडच्या तुकड्यातले काटे मोठे, दिसणारे. त्याहून सोपी मरळ आणि चिलापी, त्यांच्या मांसात ते दुबेळके काटे नसतात. मरळ आपण बाळंतिणीला, आजाऱ्याला देतोच. वाफवायची, हात स्वच्छ धुऊन बोटांनी कुस्करायची (चमच्यानं नाही, काटा बोटालाच कळतो), मऊ भातात कालवून अर्धा चमचा द्यायची. तीन दिवस पुरळ, उलटी, काही होत नाही ना बघून वाढवायची. मसाला नको, खारवलेला सुका मासा बाळाला नको. बिनमिठाचे बारीक मासे मात्र डोक्या-काट्यासकट कडक वाळवून, भाजून, पूड करून चाळले तर त्यातून कॅल्शियमही मिळतं. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात अंगणवाडीच्या आहारात सुका मासा देऊन बघितलाय, म्हणजे ही काही माझी कल्पना नाही.

एक कडू बोलतो. ज्या तळ्यात गटाराचं पाणी येतं तिथला मासा बाळाच्या वाटीत घालू नका. कुठलं तळं ते तुम्हाला माहीत आहे. ते पाणी कसं थांबवायचं यावर वेगळं लिहायला लागेल.

सासवांना आणि दीर-जावांना हात जोडून एक विनंती. "अमकीचं पोर बघ कसं गुबगुबीत" हे सुनेसमोर बोलू नका. दोन बोटुकल्या एकाच दिवशी सोडल्या तरी सारख्या भरत नाहीत. बोलण्यानं पोराचं वजन वाढत नाही. सून मात्र रडते, आणि रागानं दाबून भरवते. त्यापेक्षा बाळाला जेवायला सगळ्यांबरोबर बसवा. पुढ्यात ताटली ठेवा, हातानं खाऊ द्या, सांडू द्या. अर्ध्या तासात ताटली उचला. तोंड फिरवलं म्हणजे पुरे झालं. पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही नको, पाणी आणि अंगावरचं दूध सोडून. नवीन पदार्थ पहिल्यांदा थुंकलं तर तो आवडत नाही असं धरू नका, आठ-दहा वेळा तरी थोडा थोडा पुढं करा.

ज्या सभासदांच्या घरी सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ आहे, त्यांनी आठवड्यातून दोनदा लिलावाआधी एक मरळ किंवा दोन चिलापी घरासाठी बाजूला काढाव्यात. आणि या महिन्याचं वजन झालं नसेल तर अंगणवाडीत जाऊन करून घ्या, तक्ता सोबत न्या. आशाताई किंवा अंगणवाडी टीचर कन्नडमध्ये काय म्हणाल्या ते कळलं नाही, तर तक्ता घेऊन ऑफिसात या. दुपारी तीन नंतर मी असतो.

सचिव